महाल-इतवारीत खायचं तर आधी घड्याळ बघा

बाहेरगावचा माणूस नागपूरला आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "इथलं बेस्ट सावजी, म्हणजे झणझणीत मटणाची खानावळ, कुठलं?" मी महालात वाढलो. आता मनीषनगरात राहतो, पण आठवड्यातून दोनदा तरी जुन्या वस्तीत चक्कर होतेच. या प्रश्नावर मी उलट विचारतो, "किती वाजता जेवणार?" लोकांना वाटतं, हा टाळतोय. पण एकाच ठेल्यावरचे सकाळी आठचे पोहे आणि साडेदहाचे पोहे हे दोन वेगळे पदार्थ असतात, आणि एकाच सावजीतलं दुपारी एकचं मटण आणि साडेतीनचं मटण यात तर सासू-सुनेइतकं अंतर. म्हणून खाली दुकानांची नावं देत बसलो नाही. ठेला बापाकडून पोराकडे गेला की हात बदलतो, कधी अख्खा ठेलाच दोन गल्ल्या पलीकडे सरकतो. वेळ आणि खुणा मात्र माझ्या लहानपणापासून त्याच आहेत.

आधी पोचायचं कसं

चारचाकी घेऊन महालात शिरू नका. गांधी गेट ते बडकस चौक या एवढ्याशा रस्त्यावर मी पाऊण तास अडकलेलो आहे, तेही खिडकीतून पाटोडीचा वास येत असताना. दुचाकी असेल तर बरं. नसेल तर मेट्रो. ॲक्वा लाइनचा बर्डीपासून (म्हणजे सीताबर्डीपासून) प्रजापतीनगरपर्यंतचा भाग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जुन्या नागपुरात जाणाऱ्याची मोठी सोय झाली. अग्रसेन चौक किंवा चितारओळी चौक या स्टेशनवर उतरा आणि पुढे पायी किंवा ई-रिक्षाने जा. गणपतीच्या आधीचे दोन महिने असतील तर चितारओळीतून चालतच जा. दोन्ही बाजूंना मातीचे गणपती वाळत असतात आणि पोटातली भूक थोडा वेळ विसरायला होते.

डोक्यात नकाशा साधा ठेवा. सेंट्रल एव्हेन्यू ही मधली रेघ. तिच्या दक्षिणेला महाल, म्हणजे भोसल्यांच्या वाड्याभोवती वाढलेली वस्ती. उत्तरेला गोळीबार चौक, टांडापेठ, पाचपावली हा हलबा कोष्टी विणकरांचा पट्टा. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी ही नावं त्या-त्या वारी भरणाऱ्या बाजारांवरून पडली. नाश्ता आणि संध्याकाळचं खाणं महाल-इतवारीत आणि जेवण गोळीबार चौकाच्या अंगाला, एवढं लक्षात ठेवलं की पुष्कळ झालं.

सकाळी साडेसात ते नऊ: तर्री-पोहे

नागपूरच्या पोह्यांना घरच्या कांदेपोह्यांचा थाट नसतो. हळद, मीठ, जुजबी फोडणी. चव यायची असते ती वरून पडणाऱ्या हरभऱ्याच्या रश्श्यातून. खरं तर त्या रश्श्यावर तरंगणारा लाल तेलाचा थर म्हणजे तर्री, पण बोलताना अख्ख्या रश्श्यालाच आम्ही तर्री म्हणतो. हा भाषेतला ढिसाळपणा बाहेरच्या माणसाला महागात पडतो.

कसा ते सांगतो. मी ज्या ठेल्यावर जातो तिथे पितळी परातीत पोह्यांचा डोंगर असतो, त्यावर ओलं फडकं आणि खाली उकळत्या पाण्याचं पातेलं. शेजारी तर्रीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं. काका फडकं उचलतात, पोहे प्लेटमध्ये पसरतात आणि मग पळी गंजात घालतात. सगळा खेळ इथे आहे. पळी आडवी धरून वरचा थर ओढला तर निव्वळ लाल तेल येतं. उभी खाली घातली तर हरभरे आणि पातळ रस्सा येतो. सकाळच्या पहिल्या तासात गंज भरलेला असतो आणि दोन्ही हवं तेवढं मिळतं. दहाच्या सुमाराला वरचा थर संपत आलेला असतो, मग गंजात गरम पाण्याचा तांब्या पडतो. रंग तोच दिसतो, चव मात्र गेलेली असते. नऊच्या आधी जा म्हणतो ते एवढ्यासाठी.

मागायचं कसं? तिखटाची सवय नसेल तर स्पष्ट सांगा, "काका, तर्री वेगळी द्या." वाटीत मिळते, आपण घालून घ्यायची. "चना जास्त, तर्री कमी" असं सांगितलं की पळी खालपर्यंत जाते. वरून कच्चा कांदा, शेव आणि लिंबू. लिंबू सोडू नका, तेलाचा जडपणा तोच कापतो. आणि कोरडे पोहे मागून नंतर "चव नाही" म्हणू नका. माझ्या पुण्याच्या जावयाने पहिल्या वेळेस तेच केलं. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "भाऊ, पाहुण्याले घरीच चारून आणत जा ना."

पोह्यांच्याच ठेल्यावर आलूबोंडा असतो. तो नुसता खायचा नसतो, प्लेटमध्ये फोडून त्यावर तर्री घ्यायची. दोघांत एक पोहे आणि एक आलूबोंडा पुरे. दुपारी सावजीला जायचं असेल तर इथे हात आखडता घ्याच. पाहुण्यांचा पहिला दिवस वाया जातो तो हमखास सकाळी पोट भरून खाल्ल्यामुळे.

साडेदहा ते बारा: थांबा

या वेळेत काही खाऊ नका. इतवारीतल्या किराणा ओळीत हिंडा, मसाल्याच्या दुकानांत मिरच्यांचे ढीग बघा. भिवापुरी मिरची दिसली तर थोडी घ्या. नागपूर जिल्ह्यातल्याच भिवापूरची, भौगोलिक मानांकन मिळालेली मिरची आहे. चहा घ्यायचा असेल तर घ्या, पण सोबत भजी नको.

बारा ते दोन: सावजी

आता मुख्य गोष्ट. "सावजी" हे कुणा एकाच्या हॉटेलाचं नाव नाही. शहरभर शेकडो पाट्यांवर ते दिसेल, आणि प्रत्येक जण स्वतःला "ओरिजनल" म्हणवतो. ही मूळची विणकरांच्या घरची रांधायची पद्धत. हातमागाचा धंदा उतरला तशी अनेक घरांनी पुढच्या खोलीत चार बाकडी टाकून खानावळ काढली, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. गोळीबार चौकाकडच्या काही जागांत आजही जेवताना आपण कुणाच्या तरी घरात बसलोय असंच वाटतं, कारण आतल्या दारातून आजीबाई डोकावून जातात.

मसाल्यात बत्तीस जिन्नस असतात, असं कुणी छातीठोक सांगितलं तर हसून मान हलवा. मोजायला कुणी देत नाही. धने, खसखस, सुकं खोबरं, काळी मिरी, लवंग, दगडफूल, जायपत्री, तेजपान, मोठी वेलची एवढं जिभेला कळतं. जुन्या काळी जवसाच्या तेलात करत. सावजीचा तिखटपणा मिरचीवरच बेतलेला नाही. मिरची लगेच जिभेवर कळते, पण मिरी-लवंगेचा दणका चार घास पोटात गेल्यावर घशात पोचतो. म्हणून पहिल्या घासाला "एवढंच?" म्हणणारा पाहुणा दहाव्या मिनिटाला रुमाल शोधत असतो.

जागा कशी निवडायची? दारात उभं राहून तीन गोष्टी बघा.

पहिली, स्टीलचे डबे. मोहल्ल्यातली माणसं कडीचा डबा घेऊन रस्सा न्यायला येत असतील तर डोळे मिटून आत जा. शेजारीपाजारी रोजच्या घरच्या चवीशी ताडून बघतात, त्यांना पाटीने फसवता येत नाही.

दुसरी, रंग. खरा सावजी रस्सा काळपट तपकिरी असतो, कारण मसाला आणि खोबरं चांगलं काळं होईस्तोवर भाजलेलं असतं. वाटीत लाल भडक काही दिसलं तर तो रंगाचा कारभार आहे. पाहुणे फोटो काढतात म्हणून लाल करणाऱ्या जागा हल्ली वाढल्यात. माझं मत विचाराल तर तिथे जेवण्यापेक्षा घरी खिचडी बरी.

तिसरी, पाटीवरची यादी. मटण, गावरान चिकन, खिमा, कलेजी, खूर, मुंडी, सुंदरी, अंडाकरी, पाटोडी, डाळकांदा. बस. यात पनीर टिक्का आणि हक्का नूडल्स आले की समजा, तिथलं गिऱ्हाईक वेगळं आहे. सुंदरी म्हणजे बकऱ्याची आतडी. नाव ऐकून मागवणारे पुष्कळ भेटतात, म्हणून सांगून ठेवलं.

वेळेचं म्हणाल तर मटण साधारण दोन वेळा शिजतं, दुपारचं आणि रात्रीचं. बारा ते दोन या वेळेत रस्सा नुकता मुरलेला असतो. एकदा एका चांगल्या चालणाऱ्या खानावळीत मी आळस करून सव्वातीनला पोचलो, सोबत जबलपूरचे पाहुणे. पोऱ्याने ताट ठेवलं. वर तेलाचा जाड थर, खाली पाणी, आणि मटण पुन्हापुन्हा उकळून दोऱ्यासारखं झालेलं. पाहुणे सभ्य होते, "अच्छा है" म्हणत राहिले. चूक त्या खानावळीची कमी आणि माझी जास्त. तीननंतर सावजीत जायचं नसतं, हे माझ्या बापाने मला दहाव्या वर्षी सांगितलं होतं.

मागवताना: दोघांत एक मटण आणि एक साधा रस्सा सांगा, सोबत ज्वारीची भाकरी. पोळीही मिळते, पण रश्श्याला भाकरीच धरते. भाकरी कुस्करून रस्सा ओता आणि दोन मिनिटं थांबा. पुन्हा रस्सा घेतला तर पैसे लागतील का, हे आधीच विचारून घ्या. प्रत्येक जागेची रीत वेगळी असते आणि बिलाच्या वेळी वाद नको. भात शेवटी.

तोंड पेटलं तर पाणी पिऊ नका. मिरचीतला जाळ पाण्यात विरघळत नाही, तो स्निग्धात विरघळतो. गार पाण्याने तो तोंडभर पसरतो फक्त. दही किंवा ताक असेल तर ते, नसेल तर कोरड्या भाकरीचा तुकडा चावत बसा. कांद्याने काही होत नाही, पण कांद्याशिवाय जेवण होत नाही.

शाकाहारी असाल तर डाळकांदा मागवा. हरभऱ्याची डाळ आणि भरपूर कांदा, त्याच मसाल्यात. सावजीची सगळ्यात दुर्लक्षित वस्तू हीच, आणि माझ्या बायकोच्या मते सगळ्यात चांगली. मात्र विचारून घ्या की पळी आणि रस्सा वेगळा आहे का. वाढपी न लाजता खरं सांगतात. ज्यांना एकाच चुलीवरचं चालत नाही त्यांच्यासाठी निव्वळ शाकाहारी सावजीही आहेत.

बायका-मुलं सोबत असतील तर दुपारीच जा. रात्री काही ठिकाणी पिऊन आलेल्यांचा राबता असतो. "फॅमिली" म्हणून वेगळी खोली असली तरी आवाज भिंत ओलांडून येतोच.

चार ते सहा: पाटोडी, आणि एक घोटाळा

दुपारी झोप काढून आलात असं गृहीत धरतो. आता महाल.

नागपुरात पाटोडी म्हटलं की दोन वेगळ्या वस्तू समोर येऊ शकतात. सावजीतली पाटोडी म्हणजे बेसन शिजवून, थापून, कापलेल्या वड्या, रश्श्यात सोडलेल्या. महालातल्या ठेल्यावरची पाटोडी म्हणजे वेगळंच प्रकरण: भरपूर सांबार, त्यात खोबरं, खसखस, मसाला, हे सगळं बेसनाच्या पातळ पारीत गुंडाळून तळलेलं. घरी करतो तेव्हा तिलाच आम्ही सांबारवडी किंवा पुडाची वडी म्हणतो. आणि सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं सांबार नव्हे. त्याच जावयाने "सांबारवडी" ऐकून वाटी-चमचा मागितला होता. सगळा दोष त्याच्यावर ढकलतोय असं वाटेल, पण माणूस प्रत्येक वेळी दुसऱ्यांदा मागून खातो, हेही लिहून ठेवतो.

ठेल्यावरची पाटोडी कढीबरोबर खायची. गरम पाटोडी हाताने मोडली की आधी वाफ येते, मग हिरवागार गोळा दिसतो. सारण ओलसर असेल तर सांबार ताजा. काळपट आणि कोरडं असेल तर सकाळचं भरून ठेवलेलं. कढईतून निघताना समोर उभे राहा, ताटात रचून ठेवलेली घेऊ नका. हिवाळ्यात सांबार स्वस्त होतो तेव्हा सारण पोटभर असतं. मे महिन्यात त्याच आकाराच्या पाटोडीत बेसनच जास्त लागतं, तेव्हा हा टप्पा सरळ गाळा.

मूगवडे याच वेळेला. सोबत तळलेली मिरची आणि कढी. कढी बहुतेक ठिकाणी मागाल तेवढी मिळते. इतवारीत जैन आणि मारवाडी व्यापाऱ्यांची जुनी वस्ती असल्याने कचोरी, समोसे यांचीही कमतरता नाही, पण ते तुम्हाला तुमच्या गावीही मिळेल.

वडाभात आणि गोळाभात मात्र ठेल्यावर शोधू नका. डाळींचे वडे गरम भातावर कुस्करून वर हिंग-मोहरी-मिरचीचं कडकडीत तेल, किंवा भातातच वाफवलेले बेसनाचे गोळे, हे घरचं आणि लग्नाच्या पंगतीतलं खाणं. बचत गटाच्या स्टॉलवर कधी दिसलं तर सोडू नका. नाहीतर नागपूरकर मित्र जोडा आणि त्याच्या आईला आधी दोन दिवस कळवा.

कधी जाऊ नये

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी मारबत म्हणजे दोन मोठे पुतळे, मागे बडगे म्हणजे टवाळीचे पुतळे, आणि "घेऊन जा गे मारबत" म्हणत अख्खं शहर इतवारीच्या रस्त्यावर. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. बघायला जरूर या. खायचं म्हणून येऊ नका, कारण इतवारीच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. श्रावणात आणि नवरात्रात सावजी थंड असतात, गिऱ्हाईक कमी म्हणून माल कमी. शनिवारीही तसंच. रविवार आणि बुधवार चांगले, पण रविवारी साडेबाराच्या आत बसा.

उन्हाळ्यात हा सगळा दिवस एका दिवशी करू नका. पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत दुपारी सावजी खाऊन बाहेर पडणं हा धाडसाचा प्रकार आहे. तेव्हा सकाळी पोहे, दुपारी घरी कांदा खिशात ठेवून झोप, आणि जेवण रात्री आठला. रात्रीचा रस्सा आठ ते साडेनऊमध्ये चांगला लागतो. रमजानचा महिना चालू असेल तर रात्री जेवणानंतर मोमिनपुऱ्यातून फेरी मारा, रस्ता पहाटेपर्यंत जागा असतो.

नेण्यासारखं

संत्राबर्फी सगळेच नेतात. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि बर्फीच्या खोक्यांवर संत्र्यांची चित्रं मोठी झाली. हिवाळ्यात, संत्रं बाजारात असताना घेतलेली बर्फी चांगली. एक तुकडा आधी खाऊन बघा. किंचित कडसर लागली तर खरं संत्रं आहे, नुसती गोड आणि वासाची लागली तर पाकीट परत ठेवा.

सावजी रस्सा गाडीने न्यायचा असेल तर थोडी तयारी लागते. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच घेऊ नका. तेल तापलेलं असतं आणि गाठ सुटतेच. एकदा एसी डब्यात माझ्या पिशवीतून थेंब थेंब गळालं, आणि समोरच्या बाकावरच्या काकू वर्ध्यापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. कडीचा, रबर असलेला स्टीलचा डबा घरून न्या. मटण आणि रस्सा वेगळे भरायला सांगा. रस्सा आधी पूर्ण गार होऊ द्या, मगच झाकण लावा, नाहीतर वाफेने आंबतो. डब्याभोवती वर्तमानपत्र, मग पिशवी, आणि पिशवी बर्थखाली उभी. घरी पोचल्यावर मटण रश्श्यात घालून एकच उकळी. भाकरीचं पीठ मात्र आधीच कुणाला तरी सांगून ठेवा, रात्री अकराला ज्वारी कुणी दळून देत नाही.